कानाए, वय चार

“मुलांना तुझ्या आईजवळ एकटं ठेवू नकोस बरं का,” कितामुराकाकू म्हणाल्या आणि त्यांनी कुंपणावरून वांग्यांची पिशवी कानाएच्या हातात दिली.

ऑगस्टातली, पितरांच्या सणाची दुपार होती. कानाएने पिशवी घेतली, आभार मानले, आणि मग ते वाक्य तिच्यापर्यंत पोचलं. का, असं तिने विचारलं. काकूंनी हातातल्या कात्रीने कुंपणाची एक फांदी कापली, जी कापायची गरज नव्हती. वय झालं की लक्ष राहत नाही गं, एवढंच, असं काहीसं त्या पुटपुटल्या.

“मला तिनेच वाढवलंय, काकू.”

“तेही खरंच,” म्हणत काकूंनी आणखी एक वांगं पिशवीत टाकलं.

संध्याकाळी फोनवर नवऱ्याला, ताकुमाला, हे सांगताना कानाए हसली होती. गावात करमणूक नसली की लोक एकमेकांच्या आया वाटून घेतात, असंही म्हणाली होती. मग ती दोन्ही मुलांना घेऊन योकोहामाला परतली आणि ते वाक्य वांग्यांबरोबरच संपलं.

नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला, शनिवारी सकाळी, ते चौघं डोंगराकडे जाणाऱ्या बसमध्ये बसले होते. आई खिडकीशी, तिला चिकटून पाच वर्षांची इचिका, पलीकडच्या बाकावर कानाए, आणि तिच्या मांडीवर अडीच वर्षांचा गेन. कानाएच्या पाठपिशवीत ओले रुमाल होते, थर्मामीटर होता, कपड्यांचे दोन जोड होते, गेनच्या पोटाचं औषध होतं. बस वळली की ती दोन्ही मुलांकडे बघे आणि मनात एक-दोन मोजे. तू झोपेतसुद्धा मोजतेस, असं ताकुमा चिडवायचा. ते खोटं नव्हतं.

बाहेर पानं गळालेल्या झाडांवर पर्सिमॉनची केशरी फळं नुसती लटकली होती. आईच्या मांडीवर निळ्या रुमालात बांधलेलं एक बोचकं होतं. त्यात जेवण असेल असं कानाएला वाटलं, पण जेवणाचा डबा तर पायाशी पिशवीत होता. गेनने बोचक्याला हात लावला तेव्हा आईने तो हळूच बाजूला केला, आणि इचिकाने लगेच भावाला आपल्या टोपीचा गोंडा खेळायला दिला. आजी-नातीचं हे काहीतरी आपसांतलं असावं, म्हणून कानाएने विचारलं नाही.

ती खरी आली होती ती आईला विचारायला. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. एप्रिलपासून आमच्याकडे राहायला ये, असं तिने सप्टेंबरात फोनवर म्हटलं, तेव्हा आई म्हणाली होती, नको गं. काल जेवताना कानाएने खोलीचा फोटोच पुढे केला. पूर्वेची खिडकी, नव्या कोऱ्या चटया, वडिलांच्या तसबिरीसाठी भिंतीशी छोटं कपाट. आईने चष्मा लावून फोटो नीट बघितला, खिडकीचं कौतुक केलं आणि म्हणाली, कशाला, तुला लहान मुलं आहेत, त्यात आणखी माझं ओझं. कानाएने फोन उपडा ठेवला आणि गेनच्या सुरवारीवरची शितं वेचली. पुन्हा विचारणं म्हणजे आग्रहाचा जाच झाला असता.

देवळात जायचं मात्र आईनेच काढलं. मुलांना अमिदाबुद्ध दाखवू या, म्हणाली. कानाएला आनंद झाला होता. क्योतोच्या विद्यापीठात असताना तिने या आन्नोजी देवळातल्या बुद्धमूर्तीवरच प्रबंध लिहिला होता, आणि आई आपल्याला त्याची आठवण ठेवून नेते आहे, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

उतरताना ड्रायव्हरने आईला टोपी काढून नमस्कार केला.

“आज मंडळी बरोबर? मग पायऱ्या सोप्या जातील.”

आई हसून वाकली. गावातले ड्रायव्हर सगळ्यांनाच ओळखतात, असं म्हणून कानाएने तेही सोडून दिलं.

पायऱ्या एकशे बारा होत्या आणि कठडा एकाच बाजूला होता. गेनला पाठीवर घेऊन कानाए मागून चढली, म्हणजे कुणी घसरलंच तर आपल्या अंगावर यावं. पुढे आई आणि इचिका एकमेकींचा हात धरून मोजत चालल्या होत्या. चाळिसाच्या पुढे आई परत तिसावर येई आणि इचिका काही न बोलता तिच्याबरोबर पुन्हा तीस म्हणे. तो खेळ असेल. अर्ध्यावर थांबून आईने वळून खाली बघितलं आणि इचिकाला सांगितलं, इथेच, या दगडावर, बसून रडायची, कडेवर घ्या म्हणून. कोण रडायचं ते तिने सांगितलं नाही. कानाएला ते सांगायची गरज वाटली नाही. तिला तो दगड आठवत होता, आणि आईच्या पाठीचा वाससुद्धा, कापराचा आणि घामाचा. एवढं मोठं झाल्यावर माणसाला कडेवर घ्या म्हणता येत नाही, ही गोष्ट तिला त्या पायरीवर उगाचच फार जाचली.

वर गर्दी नव्हती. बूट काढून ते गाभाऱ्यात गेले. आठशे वर्षांच्या मूर्तीवरचा सोन्याचा वर्ख गालांवर आणि गुडघ्यांवर तेवढा उरला होता, बाकी लाकूड काळं पडलेलं. कानाएने हलक्या आवाजात इचिकाला बोटांची ठेवण दाखवली, वस्त्राच्या चुण्या दाखवल्या, त्या कशा पाण्याच्या लहरींसारख्या कोरल्यात ते सांगितलं. इचिका बराच वेळ बघत राहिली.

“याला थंडी वाजत नाही?”

“लाकूड आहे ते.”

“मग आजी याच्याशी का बोलते?”

आई खरंच ओठ हलवत होती. सगळ्याच म्हाताऱ्या बायका हलवतात.

बाहेर पडवीत ऊन आलं होतं. तिथे बसून त्यांनी डबा उघडला. पर्सिमॉनच्या पानात गुंडाळलेले भाताचे मुटके, वर खारवलेल्या बांगड्याचा काप. आईने एकेक पान सोडवून मुलांच्या हातावर ठेवलं. दुसऱ्या मुटक्याच्या मध्यावर गेन थांबला, त्याच्या चेहऱ्यावर तो विचारी भाव आला, आणि कानाए लगेच उठली. लंगोट सोडून त्याला तीनच आठवडे झाले होते.

स्वच्छतागृह कोठाराच्या मागे, पार खाली होतं. तिने इचिकाकडे बघितलं. तोंड भरलेलं, पाय हलताहेत.

“आई, पाच मिनिटांत आले. इथून हलू नका हं कुणी.”

“जा गं. पळतोय का आम्ही,” आई म्हणाली.

कोठाराच्या कोपऱ्यावर कितामुराकाकूंचं वाक्य तिच्या पायात आलं. ती क्षणभर थांबलीसुद्धा. पण गेनने तिचं बोट घट्ट ओढलं आणि पाच मिनिटांचा तर प्रश्न होता.

पाच मिनिटांत काही झालं नाही. गेन बसला, उठला, नको म्हणाला, हवं म्हणाला, आणि शेवटी भिंतीवरच्या कोळ्याला नाव ठेवल्यावरच त्याचं काम झालं. ती परत आली तेव्हा पडवी रिकामी होती. पर्सिमॉनची पानं चौघडी घालून एकावर एक रचून ठेवली होती. डबा होता. बोचकं नव्हतं. पडवीखालचे दोघींचे बूटही नव्हते.

एक, मोजलं तिच्या मनाने, आणि पुढचा आकडा आला नाही.

तिने हाक मारली. मोठ्याने मारायची लाज वाटून दुसऱ्यांदा मारली, आणि मग लाज सोडून तिसऱ्यांदा. गेनला काखोटीला मारून ती पायऱ्यांच्या तोंडाशी धावली. एकशे बारा पायऱ्या, कठडा एका बाजूला, खाली कमळांचं तळं, त्यापलीकडे बसचा रस्ता. पायऱ्यांवर कुणी नव्हतं. कुणी नसणं बरं की वाईट, हे तिला ठरवता येईना. आपल्याला सांगितलं होतं, हा एकच विचार तिच्या डोक्यात पुन्हा पुन्हा फिरत होता. वांगी दिली होती आणि सांगितलं होतं.

मागून झाडूचा आवाज थांबला. पानं झाडणाऱ्या एक बाई, डोक्याला पांढरा रुमाल, तिच्याकडे बघत होत्या. त्या इथल्या गुरुजींच्या पत्नी आहेत हे नंतर कळलं.

“उएनाकाआजींना शोधताय? त्या आत आहेत, छोट्या मंडपात. लेकीला घेऊन आल्यात आज.”

“लेकीला?”

“तसंच म्हणाल्या. इतके महिने सांगत होत्या, आणीन एकदा, आणीन एकदा. आज आणलं.”

किती महिने, ते कानाएने विचारलं नाही. बाईंनी आपणहूनच सांगितलं. गेलं वर्षभर, दर पंधरा तारखेला, एकही चुकली नाही. दर पंधरा तारखेला फोनवर आई म्हणायची की दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आले. वर्षभर एका बाईचे दात दुखताहेत, यात कानाएला काही वावगं वाटलं नव्हतं.

छोट्या मंडपाचं दार सरकवलेलं होतं. आत आठ-दहा म्हाताऱ्या बायका गोल करून बसल्या होत्या आणि प्रत्येकीसमोर एकेक उघडं बोचकं होतं. जरा वेळाने उंबऱ्याशी उभ्या असलेल्या कानाएच्या लक्षात आलं की बोचक्यांतून बाहेर आलेल्या त्या पांढऱ्या, तपकिरी, एखाद्या फुलाफुलांच्या घड्या म्हणजे चड्ड्या आहेत. नव्या, इस्त्री केलेल्या. समोर काळ्या लाखेच्या तबकात त्या ओळीने मांडल्या जात होत्या, आणि चौकटीचा चष्मा घातलेले तरुण गुरुजी वही उघडून बसले होते.

पंचक्रोशीत या देवळाला आन्नोजी कुणी म्हणत नाही. पोक्कुरि देऊळ म्हणतात. वाळकी काडी मोडावी तसा तो शब्द आहे: पोक्कुरि, पटकन मरणं, कुणाच्या हातून धुवून-पुसून न घेता. म्हातारपणी आपली चड्डी दुसऱ्या कुणाला बदलावी लागू नये, म्हणून बायका ती आधीच बुद्धाच्या पायाशी नेऊन ठेवतात. कानाएला हे लहानपणापासून ऐकून माहीत होतं, जसं पोटात आतडं असतं हे माहीत असतं. तिच्या प्रबंधाची एकशे चाळीस पानं होती. त्यातल्या एकाही पानावर चड्डी नव्हती.

बायकांचं बोलणं चाललं होतं. एक सांगत होती, या नवऱ्याच्या आहेत, स्वतः यायला लाजतो मेला, म्हटलं लाज, पण मग तुझा नंबर माझ्यानंतर. दुसरीची सून दर महिन्याला विचारायची, सासूबाई, लागला का गुण; तिने सांगितलं होतं की अजून बसची पायरी चढता येते, म्हणजे नाही लागला. सगळ्या तोंडावर हात ठेवून हसल्या. आईसुद्धा हसत होती. तिच्या गुडघ्याला गुडघा लावून, पाठ ताठ ठेवून, इचिका बसली होती.

कानाए दाराला टेकून खाली बसली आणि गेनला मांडीत धरलं. दोन. मोजणी पूर्ण झाली होती, तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं.

गुरुजींनी घंटा वाजवली. मग एकेक नाव आणि वय वाचायला सुरुवात केली. नाव आलं की ती बाई ओ देई आणि वाके.

“उएनाका तोमिको, वय चौऱ्याहत्तर.”

“ओ,” आई म्हणाली.

“उएनाका कानाए, वय चार.”

कानाएचं तोंड उघडलं. लग्नाआधीचं ते नाव तिने अकरा वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, आणि तिची जीभ सवयीने उठलीही होती. पण तिच्याआधी समोरून आवाज आला, स्वच्छ, बालवाडीत हजेरीला देतात तसा.

“ओ.”

इचिकाने हातसुद्धा वर केला होता.

तबकात, आईच्या दोन पांढऱ्या घड्यांशेजारी, एक अगदी छोटी घडी होती. स्ट्रॉबेऱ्यांची. पट्टीवर आतल्या बाजूने, आईच्या त्या किंचित डावीकडे कलणाऱ्या अक्षरात, कानाएचं नाव होतं. शेजारच्या बाईने विचारलं असावं, कारण आई हलक्या आवाजात सांगत होती की रात्री ओलं करते अजून, एप्रिलमध्ये बालवाडी आहे, तोवर सुटायला हवं ना. गुरुजींनी मोठ्या चड्ड्यांवर लाल शिक्का उमटवला, मग ती छोटी उचलली, पट्टी नीट सपाट केली आणि तिच्यावरही तितक्याच सावकाश शिक्का मारला. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. कानाएला त्यांचे पाय धरावेसे वाटले आणि त्याच वेळी तबक उलथवावंसंही वाटलं. तिने दोन्ही हातांनी गेनची पावलं धरून ठेवली.

पूजा संपल्यावर चहा आला. आई बोचकं बांधत होती. इचिका गुडघ्यांवर रांगत कानाएपाशी आली आणि तिच्या कानाला तोंड लावलं. तोंडाला बांगड्याचा वास होता.

“आई, थोडा वेळ मला इचिका म्हणू नकोस हं.”

“का?”

“मी कानाए नाहीये म्हटलं की आजी शोधायला निघते. सुट्टीत तू गेनला डॉक्टरकडे नेलं होतंस ना, तेव्हा आम्ही स्टेशनपर्यंत गेलो होतो. चप्पल पण नव्हती आजीला. कितामुराआजींनी परत आणलं.” ती थांबली, तिने आजीकडे एकदा बघून घेतलं. “ओ म्हटलं की जात नाही. थोड्या वेळाने आपोआप बरं होतं.”

“मला का नाही सांगितलंस?”

इचिकाने तिच्याकडे बघितलं, समजावून सांगावं लागतं त्या माणसाकडे बघतात तसं.

“तू घाबरतेस ना.”

कानाएने मान हलवली. मुलीच्या कॉलरला शीत लागलं होतं, ते तिने काढलं, आणि दुसरं काही सुचेना म्हणून खाल्लं.

तेवढ्यात आई चहाचा पेला दोन्ही हातांनी धरून समोर येऊन बसली. तिने पेला कानाएपुढे ठेवला, थोडा फिरवून, पाहुण्यांपुढे ठेवतात तसा.

“घ्या ना. तुम्ही मघाशी बसमध्ये होतात, नाही? एकटीने बाळ सांभाळून एवढं चढलात, मी बघत होते.”

तुम्ही. आईच्या तोंडचा तो शब्द नवा होता, पण त्यातलं आर्जव जुनं होतं. पोस्टमनशी, डॉक्टरांशी, शाळेतल्या बाईंशी बोलताना आई असंच बोलायची, आणि लहानपणी कानाएला त्या लोकांचा हेवा वाटायचा. इचिका तिच्याकडे टक लावून बघत होती. कानाएने पेला उचलला.

“हो. तुमची मुलगी गोड आहे.”

“भित्री आहे हो फार,” आई म्हणाली, पण तिचा चेहरा उजळला होता. “सांगते तुम्हाला. रोज रात्री उठते आणि माझ्या नाकाखाली बोट धरते. श्वास चालू आहे का बघते. एवढीशी पोर.”

ती गोष्ट जगात कुणालाही माहीत नाही, असं कानाए एकतीस वर्षं समजत आली होती.

“तुम्ही जाग्या असता?”

“असते की. पण झोपेचं सोंग घेते. डोळे उघडले तर लाजेल ना ती. मग जरा जोरातच श्वास सोडते, म्हणजे तिचं समाधान होतं आणि झोपते.” आईने मांडीवरचं बोचकं सारखं केलं. “इथे येते ती पटकन जायला मिळावं म्हणून. तिला माझं काही निस्तरायला लागू नये. पण आज ते नाव पुकारल्यावर मनात आलं, मी पटकन गेले तर हिने बोट कुणाच्या नाकाखाली धरायचं? दोन्ही मागणी एकाच देवाकडे कशी मागायची, सांगा.”

कानाएने खिशातून फोन काढला आणि फोटो शोधला. हे बरोबर की चूक याचा विचार तिने केला नाही. एवढ्या काळजीने आयुष्य काढलेल्या बाईने न विचार करता केलेली ती बहुधा पहिलीच गोष्ट होती.

“ही खोली बघता? माझ्या आईसाठी केली आहे.”

आईने चष्मा लावला. काल बघितली होती तितकीच नीट बघितली.

“वा. पूर्वेची खिडकी. नशीबवान आहे हो तुमची आई. कधी येतेय?”

“नाही म्हणते. ओझं नको म्हणते.”

“किती वेळा विचारलंत?”

“दोनदा.”

आई हसली, खोडकर, दात दिसतील इतकी. दात चांगले होते तिचे.

“तुम्ही लांबच्या दिसता. आमच्याकडे दोनदा नाही म्हणायचीच रीत आहे. पहिल्यांदाच हो म्हटलं तर लोक म्हणतील, टपून बसली होती. ती बिचारी तिसऱ्यांदा विचाराल म्हणून थांबली असेल. विचारा तुम्ही.”

कानाए या डोंगराच्या पायथ्याशी वाढली होती. चहा दोनदा नको म्हणायचा, तिसऱ्यांदा घ्यायचा, उठताना पुन्हा नको म्हणायचा, हे सगळं तिला चालायच्या आधी येत होतं. ती ते कधी विसरली? योकोहामात कुणी नको म्हटलं की पेला उचलून नेतात. तिने आईचा पेला दोनदा उचलून नेला होता.

तिसरा प्रश्न तिच्या जिभेवर होता. आई समोर होती, चष्मा लावून, मदतीला तयार. पण विचारणारी कोण होती? बसमधली बाई. बसमधल्या बाईने विचारलं असतं तर आईने संकोचून तिसऱ्यांदाही नकोच म्हटलं असतं, आणि रीतीप्रमाणे मग विचारायची सोय उरली नसती. कानाएने प्रश्न चहाबरोबर गिळला. खालचा गाळ कडू लागला.

“विचारते,” ती म्हणाली.

आई उठली, बाळाच्या टोपीवरून हात फिरवला, आणि “चल कानाए, बस चुकेल,” म्हणत तिने हात पुढे केला. दोन हात हलले. एक इचिकाचा होता आणि तो वेळेत पोचला.

त्या दोघी बुटांकडे गेल्या. गेन त्यांच्यामागे धावला आणि कानाएने त्याला जाऊ दिलं. तिच्या जागेवरून तिघंही दिसत होते. दाराशी गुरुजींच्या पत्नी चिठ्ठ्यांचा गठ्ठा नीट लावत होत्या. नाव, वय, मागणं, अशी तीन घरं छापलेल्या लांबट चिठ्ठ्या. पुढचे शंभर दिवस रोज पहाटे या वाचल्या जातात, त्यांनी सांगितलं. कधी गुरुजी वाचतात, कधी मी, कधी शिकायला आलेली मुलं, ज्याची पाळी असेल तो. लिहायची आहे?

बाहेर आई खाली वाकून इचिकाच्या बुटाचं बक्कल लावत होती. बक्कल इचिकाला स्वतःला लावता येत होतं. ती पाय पुढे करून शांत उभी होती.

कानाएने पेन घेतलं. नावाच्या घरात तिने आईचं नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि मागण्याच्या घराबाहेर, समासात आणि मग मागच्या बाजूला, तिचं बारीक सुवाच्य अक्षर पसरत गेलं.

“आज पहाटे ही चिठ्ठी जे कोणी वाचत असाल त्यांना. बुद्धाकडे मागणं नाही, तुमच्याकडे आहे. माझी आई दर पंधरा तारखेला सकाळच्या बसने येते. मला तिला एक गोष्ट तिसऱ्यांदा विचारायची आहे, पण ती मला तू म्हणेल तेव्हाच विचारता येईल, आणि ते किती दिवसांत होईल ते माहीत नाही. मी आता दर आठवड्याला येईन. पंधरा तारीख मधल्या दिवशी आली, तर कृपा करून तुम्ही तिच्याकडे बघा. पायऱ्या चढून आली का, पायात चप्पल आहे का, एवढंच. आली नसेल तर खालच्या नंबरवर कळवा. आणि ती चार वर्षांच्या मुलीला शोधत असेल, तर अशी कुणी मुलगी नाही असं सांगू नका. मला फोन लावा आणि तिच्या कानाशी धरा. मी ओ देईन.”